टीका झाल्यावर

सणाच्या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी नसते. भंडाऱ्याला प्रॅक्टिस करत होते तेव्हा दसरा-दिवाळीच्या सुमाराला बाहेरची बाकं रिकामी दिसायची आणि नव्या कंपाउंडरला वाटायचं, चला, चार दिवस आराम. मला मात्र त्या रिकाम्या बाकांची धास्ती वाटायची. सणात लोकांचे डोळे बिघडायचे थांबत नाहीत, लोक फक्त यायचे थांबतात. घरी राहिलेल्यांत कुणाचं दुखणं महिनाभर खुशाल थांबू शकतं, तर कुणाचं एक रात्रसुद्धा थांबू शकत नाही. आणि आपण यातले कोण, हे त्यांचं त्यांना कळायला काही मार्ग नसतो. ते त्यांना वेळेत कळवणं हे सणाच्या आठवड्यातलं नेत्रवैद्यकाचं पहिलं काम. बाकीची सगळी कारागिरी त्यानंतर येते. भंडाऱ्यात हे मला अंधुक जाणवत होतं. नेपाळमधल्या पोखऱ्यात २०२३ चा दशैं काढला आणि ते पक्कं झालं.

प्रॅक्टिस मुलीच्या हाती सोपवल्यावर मी काही काळ पोखऱ्याच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात स्वयंसेवक म्हणून राहिले. भारतीयाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, पण पेशंटला हात लावायचा तर नेपाळच्या मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. ती कागदपत्रं झाली, रुग्णालयाच्या आवारातलीच एक खोली मिळाली आणि कामाला सुरुवात झाली.

नेपाळ आणि डोळे म्हटलं की सगळ्यांना मोतीबिंदू आठवतो. ते रास्तही आहे. १९८१ च्या देशव्यापी पाहणीत तिथल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं होतं. पुढे डॉ. सन्दुक रुइत यांनी १९९४ मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र उभं केलं, तिथेच कृत्रिम भिंगं बनवायला सुरुवात केली आणि शंभर डॉलरच्या पुढे जाणारं भिंग गरिबाला परवडेल अशा किमतीला आणून ठेवलं. तराईतल्या ‘लहान’ नावाच्या गावच्या रुग्णालयात अल्ब्रेख्ट हेनिग यांनी बारीक सुईचं टोक वाकवून, तिच्या आकड्याने मोतीबिंदूचा गर छोट्या छेदातून बाहेर ओढायची पद्धत बसवली. टाका नको, महागडं यंत्र नको. आपल्याकडे डॉ. तात्याराव लहाने यांच्या शिबिरांनी जे खेड्यापाड्यांत नेलं, तेच काम तिथे डोंगर चढून गेलं आहे. या माणसांविषयी मला अपार आदर आहे.

पण मोतीबिंदूत एक सभ्यता आहे. तो थांबतो. आज नाही तर कार्तिकात, कार्तिकात नाही तर माघात, ऑपरेशन झालं की नजर परत येते. बुबुळाच्या जखमेत जंतू शिरले की ते थांबत नाहीत. तिथे तास मोजावे लागतात. आणि भाताच्या मुलखात अशा जखमांचा हंगाम नेमका दसऱ्याच्या आगेमागे सुरू होतो.

दशैं म्हणजे आपलंच नवरात्र आणि दसरा, कोजागिरीपर्यंत लांबवलेला. घटस्थापनेला घराच्या एका अंधाऱ्या खोलीत वाळूमातीत जव पेरतात. उन्हाचं तोंड न पाहिल्यामुळे ते कोंब हिरवे होत नाहीत, पिवळेधमक वाढतात. तो जमरा. सातव्या दिवशी फूलपाती. गोरख्याच्या जुन्या दरबारातून निघालेली फूलपाती काठमांडूच्या हनुमान ढोक्याला पोहोचते, घरोघरीही आपापली फूलपाती आत येते. मग अष्टमी, नवमी आणि दशमीला टीका: दही, तांदूळ आणि अबीर कालवून घरातली वडील माणसं धाकट्यांच्या कपाळावर लावतात, कानामागे जमरा खोवतात, आशीर्वाद आणि दक्षिणा देतात. हे पौर्णिमेपर्यंत चालतं, कारण मामाकडे, मावशीकडे, आजोळी, सगळीकडे जाऊन टीका घ्यायचा असतो. ज्याचं घर डोंगरावर आहे तो डोंगरावर जातोच. काठमांडूचा, पोखऱ्याचा अर्धा नोकरदार वर्ग बसच्या टपावरून का होईना, गावी निघतो.

रुग्णालयही त्याला अपवाद नव्हतं. नेत्र सहायक मुलं बागलुङ, स्याङ्जा, पर्वत अशा जिल्ह्यांतली. सिस्टर गोरख्याची. घटस्थापनेपासूनच त्यांच्या बोलण्यात बसच्या तिकिटांशिवाय दुसरा विषय नव्हता. रेडिओवर दशैंच्या मालश्रीची धून लागली की हातातलं काम क्षणभर थबकायचं. आवाराच्या मागच्या माळावर पोरांनी चार उंच बांबू रोवून, त्यांची टोकं एकत्र बांधून लिंगे पिंग उभा केला होता. दशैंत एकदा तरी पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत म्हणतात, म्हणून म्हाताऱ्यासुद्धा त्या झोक्यावर बसून जात. पावसाळ्याचे ढग उडाले होते आणि सकाळी ओपीडीच्या पायरीवरून माछापुच्छ्रेचं शिखर स्वच्छ दिसायचं.

फूलपातीपासून द्वादशीपर्यंतची ड्युटी मी मागून घेतली. परदेशी सेवेला जाणाऱ्या माणसाला तिथला सण पाहायची, त्यात मिसळायची हौस असते. ती मला समजते. तरीही मला वाटतं, पाहुण्या डॉक्टरची सणातली जागा ड्युटीवर आहे. माझा दसरा भंडाऱ्याला होऊ शकतो. बागलुङच्या मुलाची आई वर्षभर त्याच एका दिवसाची वाट बघत असते. स्वयंसेवक म्हणून मी तिथे जे काही केलं असेल, त्यात ही मोकळी करून दिलेली सुट्टी मी वरच्या नंबरावर धरते.

आता बुबुळाच्या जखमेविषयी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बुबुळावरचं पारदर्शक पटल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. त्याची वरची त्वचा शाबूत आहे तोवर बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. धानाचं लोंब, गवताचं पातं, बोकडासाठी चारा कापताना उडालेली काडी, मटण तोडताना सुटलेला हाडाचा कण, बांबूची कूस, यांतलं काहीही त्या त्वचेवर ओरखडा काढू शकतं. ओरखडा नुसता असेल तर तो दोन-तीन दिवसांत भरून येतो. त्या आत जीवाणू किंवा बुरशी शिरली तर व्रण होतो, आणि व्रण बरा झाला तरी मागे फूल राहतं. फूल बरोबर मध्यावर पडलं तर तो डोळा गेल्यातच जमा.

म्हणजे सगळा खेळ ओरखडा आणि व्रण यांच्या मधल्या वेळाचा. हा वेळ किती, याचं उत्तर नेपाळनेच जगाला दिलं. डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भक्तपूर जिल्ह्यात गावपातळीवरच्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवलं: डोळ्याला काही लागलं म्हणून कुणी आलं की ओरखडा आहे का बघा, आणि असेल तर एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस घाला. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. ओरखडे आलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांची जखम जंतुसंसर्ग न होता भरली. त्याहून महत्त्वाची आहे ती वेळेची फोड. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं, त्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांत चौघांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेले जेमतेम ४९ होते आणि त्यातल्या १४ जणांना व्रण झाला.

हे आकडे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. बुबुळ खरवडणं, काचपट्टीवर बुरशी ओळखणं, फाटलेलं बुबुळ शिवणं, पाच-सहा वर्षं घासून शिकलेली ही विद्या. आणि पहिल्या अठरा तासांत तिची गरजच पडत नाही. कुठेही मिळणाऱ्या स्वस्त मलमाची एक ट्यूब आणि ती घालणारं गावातलं माणूस, एवढ्यावर भागतं.

ते गावातलं माणूस नेपाळात तयार आहे. १९८८ पासून तिथे महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आज देशभरात पन्नास हजारांच्या घरात. आपल्या आशा ताईंच्या कितीतरी आधीपासून. प्रत्येक वस्तीत एक. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या, स्वतःच्या शेतात राबणाऱ्या, पगार नसलेल्या. लोक त्यांना नुसतं ‘स्वयंसेविका दिदी’ म्हणतात. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही स्वयंसेवक असंच लिहिलं होतं, आणि या बायकांच्या शेजारी उभं राहताना मला ते नेहमीच जपून वापरायचं बिरुद वाटलं.

फूलपातीच्या आधी आम्ही त्यांच्यातल्या काही जणींना रुग्णालयात बोलावलं होतं. शिकवायचं थोडंच होतं. टॉर्च समोरून न धरता बाजूने धरा. बुबुळ आरशासारखं चकचकीत दिसतंय का बघा. नुसतं लाल आहे आणि चिपडं येतायत, तर एक दिवस थांबता येईल. लागल्याचं सांगतायत आणि बुबुळ स्वच्छ आहे, तर लगेच मलम आणि उद्या पुन्हा बघा. बुबुळावर पांढरा ठिपका आहे, तर काहीही करून आजच्या आज पाठवा. मेडिकलच्या दुकानातून आणलेली बाटली डोळ्यात घालत असतील तर ती आधी बंद करा आणि बाटलीचा फोटो मला पाठवा, कारण तिच्यात स्टेरॉइड असलं तर दोन दिवस डोळा छान वाटतो आणि आत बुरशीचं फावतं. शंका आली तर फोन करा, रात्री केला तरी चालेल.

सणाचा आठवडा त्या फोनवर गेला. दिवसाला येणारे पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, फोन मात्र सारखे. माझं नेपाळी बेताचं, पण देवनागरी वाचता येते, मराठी-हिंदीचा आधार आहे, आणि दुखण्याचे शब्द चटकन शिकले जातात. फोनवरून डोळा तपासणं ही वेगळीच विद्या आहे. फोटो बहुधा हललेला असतो. मग प्रश्नांवर भिस्त. केव्हा लागलं, कशाने लागलं, प्रकाश सहन होतोय का, रात्री झोप लागली का, दुसरा डोळा झाकल्यावर समोरच्याची बोटं मोजता येतात का. यात मला सगळ्यांत उपयोगी वाटलेला प्रश्न झोपेचा. ओरखडा असलेला माणूस दुसऱ्या रात्री बरा झोपतो. व्रण झोपू देत नाही.

आणि जवळजवळ प्रत्येक फोनच्या शेवटी तेच उत्तर: ‘‘टीका लगाएर आउँछु नि, म्याडम.’’ टीका झाल्यावर येते. मोतीबिंदूवाल्या आजोबांना मी म्हणायची, अगदी खुशाल, कोजागिरी करून या, घाई नाही. काचबिंदूचे थेंब संपलेल्या बाईंना म्हणायची, तुम्ही येऊ नका, पण बाजारात जाणाऱ्या कुणाकडून तरी आज बाटली मागवा, एक दिवसही खाडा नको. ‘थांबा’ म्हणणं हासुद्धा इलाज आहे. जे थांबू शकतं त्याला निःशंक मनाने थांबू दिलं, तर जे थांबू शकत नाही त्याला ‘आत्ता या’ म्हटल्यावर लोक विश्वास ठेवतात. सगळ्यांनाच घाबरवलं की कुणीच येत नाही.

फूलपातीच्या दुपारी स्याङ्जाकडच्या एका स्वयंसेविकेने फोटो पाठवला. साठी ओलांडलेली, मगर समाजाची बाई. घटस्थापनेच्या दिवशी घास कापताना डोळ्याला पातं लागलं होतं. सहा दिवस झाले होते. मधे कुणीतरी दुकानातून बाटली आणून दिलेली. हललेल्या फोटोतही बुबुळाच्या खालच्या भागात पांढरं स्पष्ट दिसत होतं. ‘‘हजुरआमा टीका झाल्यावर येते म्हणतात,’’ स्वयंसेविका म्हणाली. ‘‘घरात त्याच सगळ्यांत मोठ्या. टीका त्यांनीच लावायचा.’’

इथे डोळ्याचं शास्त्र सांगून भागत नाही. मी हजुरआमांशीच, म्हणजे त्या आजींशीच, बोलले. विचारलं, टीका घ्यायला कोण कोण येणार? तीन मुलं, सुना, नातवंडं. पोखऱ्यात कुणी राहतं का? मधला मुलगा राहतो. म्हटलं, मग सगळ्यांना पोखऱ्यालाच बोलवा, टीका आपण वॉर्डात लावू, मी व्यवस्था करते. पलीकडे बराच वेळ घरातल्यांची बोलाचाली ऐकू येत राहिली. दिवेलागणीला जीप आवारात शिरली.

तो डोळा मी स्लिट लॅम्पवर पाहिला. व्रण करड्या रंगाचा, कोरडा, पृष्ठभागापेक्षा किंचित उचललेला. कडा सरळ कापल्यासारख्या नव्हत्या, आजूबाजूच्या स्वच्छ भागात पिसारत गेलेल्या होत्या. आतल्या पोकळीत तळाशी पुवाची पांढरी पातळी. फ्लुरोसिनची पट्टी टेकवून निळा प्रकाश सोडल्यावर व्रण हिरवा उजळला आणि त्याचा खरा आवाका दिसला. पाहताक्षणी बुरशीचा वाटत होता, पण वाटण्यावर औषध देऊ नये. जीवाणूचं औषध वेगळं, बुरशीचं वेगळं, आणि इथे चुकीच्या दिशेने गेलेला एक दिवसही महाग पडतो.

म्हणून खरवड घ्यायची. भूल देणारा थेंब दोनदा घातला. पेशंटची हनुवटी टेकणीवर, कपाळ पट्ट्याला, आणि मागून नातवाने डोकं धरलेलं. १५ नंबरचं ब्लेड, दोन बोटांत, माझं कोपर टेबलाला टेकलेलं. हे कोपर टेकवणं मी कधी चुकवत नाही. मधल्या मऊ, सडलेल्या भागातून काही हाती लागत नाही. जिवंत बुरशी असते कडेला आणि तळाला, तेव्हा तिथूनच घ्यायचं, मात्र पटल आधीच पातळ झालेलं आहे याचं भान ठेवून. पात्याची धार बाहेरून आत न ओढता एकाच दिशेने हलकेच सरकवायची. हाताला एक किंचित खरखर जाणवते, ओल्या पुवाला ती नसते. हात ही खरखर ओळखायला लागला की अंदाज निम्मा झालेला असतो. पात्याच्या टोकावर आलेला तिळाएवढाही नसलेला तो कण एका काचपट्टीवर ग्रामच्या रंगासाठी, दुसऱ्या खेपेचा दुसऱ्या पट्टीवर, त्यावर १० टक्के केओएचचा थेंब आणि वर पातळ काच.

प्रयोगशाळेतला माणूस गावी गेलेला. सूक्ष्मदर्शकाखाली मीच बसले. केओएचने पेशी विरघळायला थोडा वेळ द्यावा लागतो. घाईने पाहिलं तर कापसाचा धागाही बुरशी वाटतो. थांबले. मग दहाच्या भिंगाखाली पुसट रेषा, चाळीसच्या भिंगाखाली त्या रेषांचे तंतू झाले. दोन्ही कडा समांतर, मधे मधे आडवे पडदे, टोकदार कोनात फुटलेल्या फांद्या. बुरशीच. नाटामायसिनचा पाच टक्क्यांचा थेंब, दर तासाला, रात्रीसुद्धा. २०१३ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयातल्या मोठ्या चाचणीत नव्या, महागड्या औषधापेक्षा हेच जुनं औषध सरस ठरलं होतं, आणि माझाही अनुभव तोच आहे. फक्त ते पांढरं, गाळ बसणारं औषध आहे. बाटली हलवली नाही तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. नातू दहावीतला होता. त्याला बाटली हलवून, खालची पापणी ओढून, टोक डोळ्याला न लावता थेंब टाकायला शिकवलं. त्याने मोबाइलमध्ये चोवीस गजर लावले.

रविवारी, अष्टमीला, सकाळी पावणेआठच्या सुमाराला जमीन हलली. धादिङचा ६.१ चा भूकंप. आम्ही केंद्रापासून बरेच दूर, पण खाटा सरकल्या, खिडक्या वाजल्या, आणि २०१५ चा भूकंप पाहिलेली माणसं क्षणात बाहेर पडली. वॉर्डातले सगळे पेशंट अंगणात आणले, सतरंज्या टाकल्या. आठ वाजता नातवाचा गजर झाला. त्याने खिशातून बाटली काढली, हलवली आणि अंगणातच आजीचं डोकं मागे करून थेंब घातला. सगळी माणसं घरी फोन लावत होती, कुणी रडत होतं, आणि हा मुलगा बाटलीचं झाकण नीट लावत होता. त्या पोराच्या हातात उपचार गेला आहे, माझ्या हातून सुटून तो आता तिथे आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

नवमीला आणखी एक काळजी येऊन गेली. त्या भागात पावसाळा संपता संपता, एक वर्षाआड, विषम सालात, लहान मुलांना होणारा एक विलक्षण रोग आहे. शापू हे त्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. १९७५ च्या सुमाराला नेपाळी डॉक्टरांनीच तो पहिल्यांदा नोंदवला. एकाच डोळ्याला होतो, डोळा लाल होतो पण फारसा दुखत नाही, बाहुली पांढरी दिसू लागते आणि आठवड्याभरात नजर जाऊ शकते. दुखत नाही हाच त्याचा दगा, कारण दुखत नाही म्हटल्यावर घरचे सण होऊ देतात. पांढऱ्या पतंगांशी त्याचा संबंध वारंवार दिसून आला आहे. २०२३ विषम साल. एक आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. रात्री दिव्याभोवती पतंग होते, सकाळी डोळा लाल. मुलीला मांडीवर घेऊन बाहुली पाहिली, काळी आणि चपळ. बुबुळामागची पोकळी खोल, डोळ्याचा दाब ठीक. दोन्ही डोळ्यांत थोडी थोडी लाली होती, म्हणजे साधे डोळे आलेले. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दशमीच्या दिवशी, टीक्याचे कपडे घालून, ती आली. आईने कुरकुर केली नाही. बाहुली काळीच होती.

दशमीला वॉर्डात हजुरआमांचं घर जमलं. आदल्या दिवशी ड्युटीवर राहिलेल्या सिस्टरशी बसून मी टीक्याचा विचार केला होता, कारण तो वैद्यकीय प्रश्नच होता. दह्यातले तांदूळ कपाळावरून ओघळून डोळ्यात जातात. जमऱ्याच्या मुळाशी माती असते, आणि मातीतली बुरशी हेच तर मूळ दुखणं. बंदी घालणं सोपं होतं, पण ज्या शब्दावर त्यांना बोलावलं तो मोडला असता. मग असं ठरवलं: देणाऱ्या त्या असल्याने टीका बहुतेक दुसऱ्यांच्याच कपाळी लागणार, फक्त त्यांचे हात नंतर साबणाने धुवायचे, आणि तोवर डोळ्याजवळ न्यायचे नाहीत. त्यांच्या थोरल्या दिरांनी त्यांना लावायचा टीका कमी दह्याचा, छोटा, चांगल्या डोळ्याच्या बाजूला, आणि थोड्या वेळाने पुसायचा. जमऱ्याची मुळं कापून, धुऊन, चांगल्या बाजूच्या कानामागे. दुखऱ्या डोळ्यावर झाकण, तासाचा थेंब चुकवायचा नाही.

त्या घरात टीक्यात अबीर घालत नाहीत. नुसतं दही आणि तांदूळ, पांढराशुभ्र टीका. हजुरआमा खाटेवर बसल्या आणि एकेक जण पुढे येत गेला. एका डोळ्यावर झाकण असल्याने अंदाज चुकत होता, तर त्या डाव्या हाताने आधी कपाळ चाचपत, भुवया शोधत, आणि मग उजव्या हाताने तांदूळ दाबत. प्रत्येकाला आशीर्वाद वेगळा. शेवटी मला बोलावलं. त्या माझ्याहून मोठ्या, त्यामुळे माझा हक्कच होता. कपाळावर थंड दही लागलं, कानामागे जमरा आला. आमच्याकडे घटातले कोंब दसऱ्याला माझे वडील टोपीत खोवून सीमोल्लंघनाला जात, त्या कोंबांचाही वास असाच असे, ओल्या मातीचा आणि कोवळ्या धान्याचा.

त्यांचा व्रण तिहारपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, भरला. फूल राहिलं. मध्यापासून किंचित खाली, म्हणून त्या डोळ्याने समोरचं माणूस ओळखता येतं, तांदूळ निवडता येत नाहीत. याहून चांगलं माझ्या हातून झालं नसतं. पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यात मलम पडलं असतं तर झालं असतं. त्या आठवड्यात स्वयंसेविकांनी ओरखड्यावर जिथल्या तिथे मलम घालून बरे केलेले कितीतरी डोळे मी पाहिलेच नाहीत. त्यांना माझ्यापर्यंत यावंच लागलं नाही. त्यांच्याबद्दल मला फक्त फोनवरचं एक वाक्य माहीत आहे: ‘‘ठीक भयो, म्याडम.’’ डॉक्टरच्या हातून झालेल्या कामाचे फोटो निघतात. या कामाचा फोटो निघत नाही, आणि म्हणून त्याला पैसेही मिळत नाहीत, हे मला टोचतं.

एकादशीपासून ओपीडी भरू लागली आणि पौर्णिमेनंतर तर रांग फाटकाबाहेर गेली. टीका झाल्यावर येते म्हणालेले सगळे आले. मोतीबिंदूवाले आजोबा आले, काचबिंदूच्या बाई आल्या. दोन व्रणही आले, ज्यांच्या वस्तीतून फोन आलाच नव्हता. गावांहून परतलेल्या मुलांनी सेल रोटी आणि सुकवलेलं मांस डब्यांतून आणलं, आणि ती ताजीतवानी होऊन कामाला लागली.

भंडारा जिल्हाही धानाचाच. हलकं धान दसऱ्याच्या सुमाराला कापणीला येतं, भारी धान दिवाळीनंतर, आणि त्या सगळ्या काळात बायका वाकून कापतात, लोंबं डोळ्यांच्या पातळीवर असतात. परतल्यापासून मी घटस्थापनेच्या आधी तुमसर, मोहाडी, लाखांदूरकडच्या आशा ताईंबरोबर बसते. टॉर्च बाजूने कशी धरायची, ट्यूब कशी घालायची, कोणती बाटली बंद करायची, कोणाला पौर्णिमेनंतर या म्हणून सांगायचं आणि कोणाला मिळेल त्या गाडीत बसवायचं. त्या विचारतात, सणात फोन उचलायला कोण असेल? मुलीने आणि मी दिवस वाटून घेतले आहेत. दसऱ्याला ती दवाखान्यात असते, लक्ष्मीपूजनाला मी.